आतडं तुंबतं, पण अडथळा कुठेच नसतो

पोट तट्ट फुगलेलं, हिरव्या-पिवळ्या उलट्या, दोन-तीन दिवस ना शौच ना वारा सरलेला. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत आतड्याची फुगलेली वेटोळी आणि त्यांत हवा-पाण्याच्या आडव्या रेषा. हे चित्र पाहून कुठल्याही सर्जनच्या मनात आधी येतं ते आतडं अडल्याचंच, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. आपल्याकडे अशा रुग्णांत खरोखर काहीतरी सापडतं. जुन्या ऑपरेशननंतर आतडी एकमेकांना चिकटलेली असतात, हर्नियात आतडं अडकलेलं असतं, टीबीने ते अरुंद झालेलं असतं, गाठ असते किंवा पीळ पडलेला असतो. मात्र अगदी थोड्या रुग्णांत पोट उघडूनही यांतलं काहीच हाती लागत नाही. आतडं सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोकळं असतं, फक्त फुगलेलं आणि सुस्त पडलेलं. पोट पुन्हा शिवलं जातं. काही महिन्यांनी तोच माणूस तसंच फुगलेलं पोट घेऊन परत येतो.

या अवस्थेला क्रॉनिक इंटेस्टायनल स्यूडो-ऑब्स्ट्रक्शन म्हणतात. अडथळ्याची सगळी लक्षणं, पण अडथळा नाही. वैद्यकीय लिखाणात स्यूडो-ऑब्स्ट्रक्शन हे नाव 1958 मध्ये ब्रिटनमधल्या सर्जननी वापरलं. आजार फारच दुर्मीळ आहे. जपानमध्ये देशभरातल्या रुग्णालयांची पाहणी झाली, तेव्हा लाखामागे साधारण एक रुग्ण निघाला. इटलीत बोलोन्याच्या डॉक्टरांनी 59 प्रौढ रुग्णांचा बरीच वर्षं पाठपुरावा केला. त्यांतल्या निम्म्या लोकांना निदान व्हायला आठ किंवा त्याहून जास्त वर्षं लागली होती आणि तोवर बहुतेकांच्या पोटावर ऑपरेशनं होऊन गेली होती, माणशी सरासरी जवळजवळ तीन. हा लेख लिहावासा वाटला तो या आकड्यामुळे. पोटावरच्या प्रत्येक ऑपरेशनमागे नव्या चिकटण्याची शक्यता असते. पुढच्या वेळी पोट फुगलं की ते आजारामुळे फुगलं की मागच्या ऑपरेशनमुळे, हे ठरवणं आणखी अवघड होऊन बसतं.

आतडं चालतं कसं

लहान आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर असतात. आतला थर आतड्याभोवती गोल फिरलेला, बाहेरचा लांबीच्या दिशेने पसरलेला. दोन्हींच्या मध्ये चेतापेशींचं दाट जाळं असतं, आणि काहाल नावाच्या स्पॅनिश शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशी असतात. ताल धरण्याचं काम या काहाल पेशींचं. लहान आतड्याच्या सुरुवातीला हा ताल मिनिटाला साधारण 12 चा असतो, शेवटाकडे जाता जाता तो मंदावतो. आकुंचन कुठे आणि कधी करायचं, हे चेतापेशी ठरवतात. प्रत्यक्ष जोर मात्र स्नायूलाच लावावा लागतो.

हा स्नायू हाता-पायांच्या स्नायूंसारखा आपल्या इच्छेने हलत नाही. जेवण झालं की तो अन्न घुसळतो आणि पुढे सरकवतो. पोट रिकामं असताना साधारण दर दीड-दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या शेवटापर्यंत आकुंचनांची एक जोरदार लाट जाते. उरलेसुरले कण, गळून पडलेल्या पेशी, जंतू असं सगळं ती मोठ्या आतड्याकडे ढकलते. लहान आतडं एरवी बऱ्यापैकी स्वच्छ राहतं ते या लाटेमुळे.

पाण्याचा हिशेबही मोठा आहे. आपण पितो ते पाणी, लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस असं सगळं मिळून दिवसाला आठ-नऊ लिटर द्रव लहान आतड्यात उतरतो, आणि त्यातला जवळजवळ सगळा परत शोषला जातो. आतडं ढकलेनासं झालं की हे पाणी जिथल्या तिथे साचतं. पोट पाण्याने भरलेलं, आणि रक्तात मात्र पाणी आणि पोटॅशियम दोन्ही कमी. पोटॅशियम उतरलं की स्नायू आणखी ढिला पडतो. म्हणून असा झटका आला की सलाइन आणि क्षारांची भरपाई हाच पहिला इलाज असतो, बाकी सगळं त्यानंतर.

साचलेल्या पाण्याला शेवाळं धरावं तसं थांबलेल्या आतड्यात जंतू वाढतात. ते बी-12 खाऊन टाकतात, पित्तक्षारांची मोडतोड करतात. मग चरबी पचत नाही आणि तिच्यासोबत शोषली जाणारी अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही वाया जातात. त्यामुळे एकाच माणसाला कधी बद्धकोष्ठ तर कधी पाण्यासारखे जुलाब होतात. जुलाब झाले म्हणजे आतडं चालू आहे, असं या आजारात समजू नये.

बिघाड स्नायूत की चेतापेशीत

स्यूडो-ऑब्स्ट्रक्शन ही अवस्था आहे, तिच्यामागची कारणं अनेक. कधी चेतापेशी बिघडतात, कधी काहाल पेशी, कधी थेट स्नायू. स्नायूचा बिघाड असेल तर त्याला व्हिसरल मायोपथी म्हणतात. माझा मुख्य विषय तोच आहे.

2012 मध्ये फिनलंडमधल्या एका कुटुंबाच्या अभ्यासातून या आजाराचं एक मोठं कोडं सुटलं. एसीटीजी-2 नावाच्या जनुकात दोष सापडला. आतड्याच्या आणि मूत्राशयाच्या स्नायूंना लागणारं एक प्रकारचं अ‍ॅक्टिन नावाचं प्रथिन हे जनुक बनवतं. अ‍ॅक्टिनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब दोर तयार होतात आणि त्या दोरांना ओढूनच स्नायू आकसतो. दोष असलेलं अ‍ॅक्टिन या दोरात नीट बसत नाही. स्नायू जागेवर असतो, दिसायलाही अनेकदा ठीक असतो, पण ओढ लागत नाही. या प्रथिनात बहुधा आर्जिनिन या अमिनो आम्लाच्या काही ठरावीक जागा बदललेल्या असतात. त्यांतली कुठली जागा बदलली, यावर आजार किती तीव्र असेल हे बऱ्याच अंशी ठरतं.

सर्वांत तीव्र रूप जन्मतःच दिसतं. 1976 मध्ये बर्डन नावाच्या रेडिओलॉजिस्टने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच नवजात मुलींची नोंद प्रसिद्ध केली होती. मूत्राशय प्रचंड मोठं, मोठं आतडं बारीक सुतळीएवढं, लहान आतडं हलतच नाही. आज गरोदरपणातल्या सोनोग्राफीतच बाळाचं फुगलेलं मूत्राशय दिसू शकतं. मुलग्यांत ते बहुतेक वेळा लघवीच्या मार्गातल्या पडद्यामुळे असतं, म्हणून डॉक्टरांचं लक्ष आधी तिकडे जातं. पण मूत्राशय मोठं आहे, लघवीच्या वाटेत अडथळा नाही आणि जन्मानंतर बाळाला दूध पचत नाही, हिरवी उलटी होते, असं एकत्र दिसलं तर या आजाराचा विचार तातडीने व्हायला हवा.

दुसऱ्या टोकाला असे लोक आहेत ज्यांचं बालपण ‘पोट जरा नाजूक’ एवढ्यावरच निभावतं. विशी-तिशीत फुगण्याचे झटके सुरू होतात. अशा कुटुंबात विचारपूस केली की आजीला कायम पोटाचा त्रास असायचा, काकाला लघवी तुंबायची, असं काही ना काही निघतं. गर्भाशयाच्या स्नायूतही हेच अ‍ॅक्टिन असतं. त्यामुळे काही बायकांना बाळंतपणात कळा पुरेशा येत नाहीत. प्रसूतीच्या डॉक्टरांना हे आधी सांगितलेलं बरं.

जन्मजात दोष नसतानाही आतड्याचा स्नायू निकामी होऊ शकतो. स्क्लेरोडर्मात त्याची जागा तंतूंनी घेतली जाते. थंडीत बोटं पांढरी-निळी पडणं आणि कातडी ताठरणं ही त्याची खूण. पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या एका आजारात आतड्याबरोबर पापण्या खाली येतात, हातापायांना मुंग्या येतात आणि माणूस झपाट्याने सुकत जातो. स्नायूत सूज धरणारा एक विरळ प्रकारही आहे, तो लवकर ओळखला तर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांनी आटोक्यात येऊ शकतो. थायरॉइड खूप कमी असणं, जुना मधुमेह, फुफ्फुसाचा विशिष्ट कॅन्सर, मनोविकारांवरची क्लोझापिनसारखी औषधं यांनीही असंच चित्र उभं राहतं. ‘जनुकीय आजार’ असा शिक्का मारण्याआधी हे सगळं तपासायचं ते यासाठी, की यांतल्या काहींवर इलाज आहे.

निदान होतं कसं

पहिली पायरी कंटाळवाणी वाटली तरी चुकवायची नाही. खराखुरा अडथळा नाही, हे ठामपणे सिद्ध करावं लागतं. त्यासाठी सीटी स्कॅन किंवा आतड्याचा एमआरआय होतो. खऱ्या अडथळ्यात फुगलेलं आतडं एका जागी येऊन अचानक बारीक होतं. स्यूडो-ऑब्स्ट्रक्शनमध्ये अशी जागा सापडत नाही. एक्स-रेत आतडं उठून दिसावं म्हणून पाजतात ते बेरियम इथे टाळावं, सुस्त आतड्यात ते घट्ट होऊन बसतं. पाण्यात विरघळणारा कॉन्ट्रास्ट बरा. आपल्याकडे टीबीचं प्रमाण पाहता एंडोस्कोपी, कोलोनोस्कोपी आणि त्यांतली बायोप्सी बहुधा लागतेच. मात्र पुरावा नसताना टीबीची औषधं ‘करून बघू’ म्हणून सुरू झाली असतील, तर दोन-तीन महिन्यांनी फरक किती पडला, हे रोखठोक विचारायला हवं. फरक नसेल तर निदानाचाच पुन्हा विचार व्हावा.

यासोबत रक्ताच्या तपासण्या होतात: क्षार, थायरॉइड, साखर, सीलिअ‍ॅकची चाचणी, स्नायूंचं सीपीके, लॅक्टेट, स्क्लेरोडर्मा आणि ल्युपसच्या अँटिबॉडी. मूत्राशयाची सोनोग्राफी स्वस्त आहे आणि कुठेही होते. लघवी केल्यानंतरही पिशवीत बरंच पाणी उरलेलं दिसलं, तर स्नायूच्या आजाराकडे बोट दाखवणारा तो महत्त्वाचा पुरावा ठरतो. तरीही पोटाच्या रुग्णाला लघवीबद्दल क्वचितच कोणी विचारतं. म्हणून आपणच सांगावं.

यानंतरची तपासणी म्हणजे मॅनोमेट्री. ती मोजक्याच मोठ्या केंद्रांत होते. नाकातून एक बारीक नळी जठर ओलांडून लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेतात. ती जागेवर आहे की नाही, हे एक्स-रेत पाहतात. नळीवर थोड्या थोड्या अंतरावर दाब मोजणारे सेन्सर असतात. रुग्ण उपाशीपोटी तीन-चार तास पडून राहतो. या वेळात ती स्वच्छतेची लाट निदान एकदा तरी यावी, अशी अपेक्षा असते. मग जेवण देतात आणि आणखी तास-दीड तास नोंद घेतात. पडद्यावर प्रत्येक सेन्सरची एकेक रेघ सरकत असते. निरोगी आतड्यात लाट आली की वरच्या रेघेवर टोकदार शिखरं उठतात, मग तीच तिच्या खालच्या रेघेवर, मग त्याच्याही खाली, अशी ओळीने उतरत जातात. स्नायूच्या आजारात शिखरं येतात, क्रमही बरोबर असतो, पण उंची 20 मिमी पाऱ्याच्याही खाली राहते. चेतापेशींच्या आजारात उंची ठीक असते, क्रम विस्कटलेला असतो. म्हणजे हुकूम बरोबर सुटतो आहे आणि जोर नाही, की जोर आहे आणि हुकूमच चुकतो आहे, ते या रेघांवरून कळतं. फार फुगलेल्या आतड्यात मात्र सेन्सरला भिंतच लागत नाही आणि नोंद फसवी येते. मॅनोमेट्री कोणी केली आणि कोणी वाचली, याला म्हणूनच महत्त्व आहे.

बायोप्सीबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. एंडोस्कोपीतून घेतलेल्या तुकड्यात आतड्याचं फक्त आतलं अस्तर येतं, स्नायू येत नाही. ‘बायोप्सी नॉर्मल आली’ या वाक्याने हा आजार नाकारता येत नाही. स्नायू पाहायचा तर दुर्बिणीच्या ऑपरेशनने भिंतीचा पूर्ण जाडीचा तुकडा घ्यावा लागतो आणि तो या कामाचा अनुभव असलेल्या पॅथॉलॉजिस्टकडे जावा लागतो. फक्त तेवढ्यासाठी पोट उघडावं का, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. माझं मत असं, की दुसऱ्या कारणाने ऑपरेशन होणारच असेल तर हा तुकडा घेतल्याशिवाय पोट बंद होऊ नये. आणि मागे कधी आतड्याचा भाग काढला असेल, तर त्याचे मेणात जपलेले तुकडे (ब्लॉक) पॅथॉलॉजी लॅबमधून मिळवून पुन्हा वाचून घेता येतात का, ते विचारावं.

अलीकडे या क्रमात जनुकीय तपासणी बरीच वर सरकली आहे. रक्ताच्या एका नमुन्यातून एसीटीजी-2 आणि इतर संबंधित जनुकं तपासता येतात. खर्च लाखांत नाही, हजारांत आला आहे. स्नायूचा आजार असल्याचा संशय पक्का असेल तर पोटाला सुरी लावण्याआधी हा नमुना पाठवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. मुंबईचं केईएम रुग्णालय दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणाखाली उत्कृष्टता केंद्र म्हणून नेमलेलं आहे. जनुकीय सल्ल्यासाठी तिथे जाता येतं.

हा सल्ला पुढच्या बाळासाठीही महत्त्वाचा. एसीटीजी-2 चा दोष असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. मात्र तीव्र आजार असलेल्या बाळांत तो अनेकदा नव्यानेच उद्भवलेला असतो आणि आईवडील दोघंही निर्दोष निघतात. इतर काही जनुकांत आईवडील दोघंही वाहक (दोष अंगात असूनही स्वतः निरोगी) असतात आणि प्रत्येक गरोदरपणात धोका चौथाईचा असतो. आपल्याकडे आतेमामे भावंडांत लग्नं होतात, त्या घरांत ही शक्यता वाढते. सुनेच्या खाण्यापिण्याला किंवा गरोदरपणातल्या कुठल्या चुकीला दोष देण्याचं काहीही कारण नाही, हे घरातल्या मोठ्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दिलेलं चांगलं.

उपचार

स्नायू दुरुस्त करणारं औषध आज नाही. उपचारांचा सगळा रोख शरीराचं पोषण टिकवणं, पोटातला ताण काढणं आणि जंतू आवरणं यांवर असतो.

आहारात नेहमीचा सल्ला उलटा करावा लागतो. बद्धकोष्ठ म्हटलं की आपल्याकडे पालेभाज्या, सालासकट फळं, भाकरी आणि रात्री इसबगोल सांगितलं जातं. या आजारात हा चोथा पुढे जात नाही, तिथेच साचून त्याचा गोळा होऊ शकतो. मग खऱ्याखुऱ्या अडथळ्याची भर पडते. मोडाची उसळ, मक्याचे दाणे, पेरू, संत्र्याच्या फोडींवरची सालं टाळायची. तळण आणि साय-लोणी कमी, कारण चरबीने जठर आणखी मंदावतं. मऊ भात, गाळलेलं मुगाचं वरण, पेज, मऊ शिजवून घोटलेली भाजी, पचत असेल तर ताक असं थोडं थोडं दिवसातून पाच-सहा वेळा. घन अन्नापेक्षा पातळ बरं पडतं, कारण जठरातून द्रव उतरायला स्नायूचा जोर कमी लागतो. बी-12, लोह, ड जीवनसत्त्व यांची पातळी ठरावीक काळाने तपासून भरून काढावी लागते.

औषधांत प्रुकॅलोप्राइड, पिरिडोस्टिग्मिन, कमी मात्रेतलं एरिथ्रोमायसिन आणि रात्री त्वचेखाली दिलं जाणारं ऑक्ट्रिओटाइड ही मुख्य. सिसाप्राइड एकेकाळी वापरात होतं, पण हृदयाच्या ठोक्यांत गंभीर बिघाड होत असल्याने बहुतेक देशांत ते मागे घेतलं गेलं आणि 2011 मध्ये भारतानेही त्यावर बंदी घातली. ही औषधं स्नायूला हुकूम देतात. स्नायूच निकामी असेल तर हुकूम देऊन फारसा उपयोग नसतो, म्हणून चेतापेशींच्या आजारापेक्षा इथे गुण कमी येतो. तरीही प्रत्येक रुग्णात एकेक करून पाहण्यासारखी आहेत. जंतूंसाठी रिफॅक्सिमिन, मेट्रोनिडॅझोल यांसारखी अँटिबायोटिक्स आलटून पालटून, मध्ये खंड ठेवून देतात.

काय देऊ नये, हे इथे तितकंच मोलाचं. पोटात कळ आली की आपल्याकडे डायसायक्लोमिनची गोळी किंवा इंजेक्शन सर्रास मिळतं. ते आतड्याचा स्नायू ढिला करतं, आणि इथे तो आधीच ढिला आहे. ट्रॅमाडॉल आणि अफूच्या वर्गातली इतर वेदनाशामकं आतड्याला आणखी झोपवतात. वेदना खरी असते, तिला इलाज हवाच, पण तो याच्यापलीकडचा शोधावा लागतो. जुलाब होतात म्हणून लोपेरामाइड घेणंही धोक्याचं.

फुगण्याचा ताण काढायला झटक्याच्या वेळी नाकातून रायल्स ट्यूब घालतात. वारंवार गरज पडणाऱ्यांना पोटाच्या कातडीतून थेट जठरात कायमची नळी बसवतात. पोट फुगलं की घरीच नळीचं तोंड उघडून हवा आणि पाणी काढून टाकता येतं, आणि इस्पितळाच्या फेऱ्या बऱ्याच कमी होतात. काहींना इलिओस्टॉमी (लहान आतड्याचं टोक पोटाच्या कातडीवर उघडणं) लागते. आतड्याचा फुगलेला भाग कापून टाकण्याचा मोह मात्र आवरावा. आजार सगळ्या लांबीभर असतो आणि उरलेला भाग पुढे फुगतोच.

तोंडाने किंवा नळीने पोषण पुरत नसेल तर ते शिरेतून द्यावं लागतं. ही पद्धत अमेरिकेत डुड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या दशकात सिद्ध केली. तोवर आतडं पूर्ण निकामी झालेल्या बाळाला वाचवण्याचा मार्गच नव्हता. छातीतल्या मोठ्या शिरेत कायमची नळी बसवतात आणि रात्रभर दहा-बारा तास ग्लुकोज, अमिनो आम्लं, चरबी, क्षार यांचं मिश्रण पंपाने जातं. घरच्या घरी हे करता येतं, पण नळीचं तोंड जोडताना आणि सोडताना हात धुण्यापासून झाकण पुसण्यापर्यंतचा क्रम एकदाही चुकून चालत नाही. अशा माणसाला 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप आला, तर ‘व्हायरल असेल’ म्हणून वाट पाहायची नाही. नळीतून रक्तात जंतू गेले आहेत असं धरून त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं. वर्षानुवर्षांच्या वापराने यकृत बिघडू शकतं आणि मोठ्या शिरा एकेक करून बंद पडू शकतात. म्हणून तोंडाने चार घास जात असतील तर तेवढे तरी चालू ठेवतात. आपल्याकडे घरी शिरेतून पोषण देण्याची व्यवस्था अजून तोकडी आहे आणि खर्च बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरचा. मला यात सर्वांत जास्त डाचतं ते हेच.

यकृत बिघडू लागलं, शिरा संपत आल्या, रक्तात पुन्हा पुन्हा जंतू जाऊ लागले, की आतड्याच्या प्रत्यारोपणाचा विचार होतो. पुणे, मुंबई, चेन्नई, कोची इथे अशी प्रत्यारोपणं झाली आहेत. जठरही निकामी असेल तर एकापेक्षा जास्त अवयव बदलावे लागतात. जगभरचा अनुभव पाहता पाच वर्षांनी निम्म्याहून थोडे अधिक रुग्ण हयात असतात. त्यामुळे शिरेतलं पोषण सुरळीत चालू असताना प्रत्यारोपणाची घाई करत नाहीत. पण निर्णय फार लांबवला तर नवं आतडं पेलण्याइतकी ताकद शरीरात उरत नाही, म्हणून प्रत्यारोपण केंद्रातल्या डॉक्टरांशी पहिली भेट लवकर घेऊन ठेवतात.

निदान झालेल्या प्रत्येकाच्या फाइलमध्ये सगळ्यात वर एक पान असावं. त्यावर आजाराचं नाव, एक्स-रे एरवीही फुगलेलाच दिसतो ही नोंद आणि त्याची तुलनेसाठी प्रत, कुठली औषधं द्यायची नाहीत त्यांची यादी, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा फोन. मध्यरात्री अनोळखी इस्पितळात नेलं, तर ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरच्या हातात आधी हे पान द्यायचं. पीळ किंवा छिद्र या रुग्णांतही होऊ शकतं, ताप, पोट लाकडासारखं कडक होणं आणि नाडी वेगाने धावणं या खुणा असतील तर तातडीचं ऑपरेशन लागेलही. त्या नसतील तर रायल्स ट्यूब, सलाइन आणि पोटॅशियम देऊन सकाळपर्यंत थांबता येतं.